मारेलाचं नाव कुणी विकायला काढलं?

१

मान्सा एसिल्फी दुकानापाशी पोचली, तेव्हा पान्यिनची हत्यारांची पेटी रस्त्यावर उपडी पडली होती. पाने, पक्कड, स्पार्क प्लग सगळं गटाराच्या कडेपर्यंत विखुरलं होतं. 'गुड शेफर्ड इंजिन वर्क्स'च्या दारात एग्या बॉन्झी कमरेवर हात ठेवून उभे होते आणि अख्ख्या सेकोंडीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडत होते.

"चोर! माझ्या घरचं खाऊन माझ्याच दुकानाचं नाव विकायला काढतोस? चालता हो!"

पान्यिन खाली वाकून एकेक पाना गोळा करत होता. एग्यांच्या बहिणीचा हा मुलगा, तिशीचा, हाडापेराने मजबूत. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो या दुकानात होड्यांची इंजिनं उघडत आला होता.

"वोफा, मी कुणाला काही विकत नव्हतो," तो म्हणाला. मामाला त्यांच्यात वोफा म्हणतात, आणि वोफासमोर आवाज चढवत नाहीत. त्याने पेटी खांद्यावर घेतली, मान्साला मान लववून नमस्कार केला आणि मासळी बाजाराच्या दिशेने निघून गेला.

मान्साच्या डोक्यात तिडीक गेली. ताकोराडीहून गच्च भरलेल्या ट्रोट्रो बसमध्ये घामाने थबथबत ती आली होती. फोनवर तिने या म्हाताऱ्याला बजावलं होतं, की मी येईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलू नका. आणि इथे साहेबांनी खटला चालवून, शिक्षा सुनावून, अंमलबजावणीही उरकली होती.

"एग्या, मला कशाला बोलावलंत? निकाल तर लागला!"

"तुम्ही बसा, लॉयर. पाणी घ्या. त्या परदेशी लोकांना लिहा, की चोर सापडला, आता आमचं नाव आम्हाला राहू द्या."

"इतकं सोपं असतं तर मी वकिली सोडून बाजारात मक्याची केंकी विकत बसले असते."

भानगड अशी होती. मारेला कंपनीची इंजिनं त्या किनाऱ्यावरच्या बहुतेक होड्यांना लागलेली. ती विकायचा आणि दुरुस्त करायचा परवाना एग्यांकडे होता. दोनेक वर्षांपूर्वी त्यांची मुलगी जेमायमा हिने दुकानाची वेबसाइट काढली आणि तिला नाव घेतलं 'मारेला सेकोंडी'. धंदा वाढला. पार सरहद्दीपलीकडून, कोत दिव्वारमधून होडीवाल्यांचे फोन येऊ लागले. आणि आता कंपनीने परदेशातल्या लवादाकडे तक्रार ठोकली होती: आमचं नाव यांनी बळकावलंय, ते काढून घ्या. लबाडी ठरली तर कंपनी परवानाही रद्द करणार होती. परवाना गेला की दुकानाला कुलूप. उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं होतं.

"नाव मी पैसे भरून घेतलंय," एग्या म्हणाले. "पावती आहे."

"पावती नाव नोंदवणाऱ्याने दिलीय, मारेलाने नाही. उद्या तुम्ही या दारावर 'एल्मिनाचा किल्ला' असं रंगवलंत, रंगाऱ्याची पावतीही ठेवलीत, तर किल्ला तुमचा होईल का?"

"मी मारेला विकतो! मग मारेला नाही लिहायचं तर काय कसावा लिहू?"

"लिहा ना. पाटीवर लिहा, पानावर लिहा, की आम्ही मारेलाची इंजिनं विकतो. त्याला कुणी हरकत घेणार नाही. पण नावच मारेला घेतलंत की फोन करणाऱ्याला वाटतं कंपनीच बोलतेय. तरीही, माणूस प्रामाणिकपणे तीच इंजिनं विकत असेल तर लवाद कधीकधी ऐकून घेतो. पण इथे कंपनीने तक्रारीत दुसरंच लिहिलंय. कंपनीने नेमलेल्या चौकशीवाल्याने साधं गिऱ्हाईक असल्याचं भासवून तुमच्या दुकानात फोन केला आणि विचारलं, हे नाव विकता का. आणि दुकानातल्या माणसाने त्याला किंमत सांगितली. भली मोठी किंमत. नाव अडवून कंपनीला लुबाडायचा डाव, असं ते म्हणतात. याच्यावरच माणूस बुडतो, एग्या. म्हणून एकदाच विचारते. तुम्ही हे नाव कुणाला विकायची तयारी दाखवली होती?"

एग्या खुर्चीतून उठले आणि उजवा हात वर केला. "देव साक्षी आहे. कधीच नाही. कुणालाच नाही."

"बरं. फोनवर बोलणारा पुरुष होता. आणि वार होता मंगळवार."

काउंटरमागे उभ्या असलेल्या जेमायमाच्या हातातला चहाचा मग कलंडला.

२

"तू का दचकलीस?" मान्साने तिला दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गाठून विचारलं.

"मंगळवारी रीतीप्रमाणे मासेमारी बंद असते, लॉयर. सगळ्या होड्या वाळूवर. सगळे कप्तान इथे इंजिनं घेऊन येतात. काउंटरला उभं राहायला जागा नसते. फोन वाजला की जो जवळ असेल तो उचलतो."

"म्हणजे पान्यिननेही उचलला असेल."

"तो मंगळवारी वाळूवरच असतो, होड्यांपाशी. पण मधूनमधून सुटे भाग न्यायला येतो." तिने ओढणीसारखं गळ्यात टाकलेलं फडकं पिळलं. "बाबांना कुणीतरी सांगितलं, की तो आमची वेबसाइट बनवणाऱ्या प्रॉस्परला विचारत होता, असली नावं केवढ्याला जातात. झालं. बाबांचं डोकं फिरलं."

"तुला काय वाटतं?"

"आमच्यात मामाचं सगळं भाच्याला जातं. दुकान आज ना उद्या त्याचंच. मग तो आपलीच चीज चोरून कशाला विकेल?"

"किंवा वाट बघून कंटाळला असेल."

जेमायमा रडायच्या बेतात होती. मान्साला तिची दया आली असती, पण तेवढ्यात आपल्या फोनवर तिने वेबसाइटचं पान खाली सरकवलं आणि ती जागच्या जागी थिजली.

"हे काय गं? हे होडीच्या इंजिनाचे पंखे मारेलाचे नाहीत."

"नाहीत. दुसऱ्या कंपनीचे आहेत. स्वस्त पडतात, लोक मागतात."

"मारेलाच्या नावाचं दुकान, आणि त्यात मारेलाच्या वैऱ्याचा माल! अगं, लोकांना त्या नावाने आत ओढायचं आणि माल दुसऱ्याचा गळ्यात मारायचा, यालाच तर ते लबाडी म्हणतात!"

"मला कुणी सांगितलं नाही."

"इथे कुणी कुणाला काहीच सांगत नाही, हेच तर दुखणं आहे!" मान्सा म्हणाली आणि तिने कपाळ दाबून धरलं. दुकानाच्या शवपेटीला आता दोन खिळे होते. एक तर या पोरीने स्वतःच्या हाताने ठोकला होता. "आत्ताच्या आत्ता ते पंखे काढ. आणि तो प्रॉस्पर कुठे बसतो ते सांग."

३

वेबसाइट बनवणारा प्रॉस्पर ताकोराडीच्या मार्केट सर्कलमध्ये एका फोटो स्टुडिओच्या वर बसायचा. वीज गेलेली होती. तो पुठ्ठ्याने वारा घेत होता.

"मीच विकायला काढलं असतं, लॉयर, तर मी असा घामात बसलो असतो का?"

"पासवर्ड तुझ्याकडे आहे."

"पासवर्ड माझ्याकडे अर्ध्या ताकोराडीचे आहेत. माझं तोंड बंद असतं म्हणून पोट चालतं."

"पान्यिन तुला किंमत विचारत होता."

"विचारत होता."

"कशासाठी?"

प्रॉस्परने पुठ्ठा खाली ठेवला. "तो म्हणाला, दुकान मला येणार, घर मला येणार, जेमायमाला काय? ही वेबसाइट तिने उभी केली. तेवढी तरी तिच्या नावावर कर. मग त्याने विचारलं, याला काही मोल असतं का, का मी तिला फुकाची हवा देतोय?"

मान्सा त्याच्याकडे बघतच राहिली. "हे तू एग्यांना का नाही सांगितलंस?"

"मला कुणी विचारलं?"

तिला वाटलं, तोच पुठ्ठा उचलावा आणि याच्या टाळक्यात घालावा. एका वाक्याने एक पोरगा बेघर होता होता वाचला असता, आणि ते वाक्य हा बहाद्दर जपून बसला होता.

जिन्यात उभं राहूनच तिने अक्राला फोन लावला. तिथे कंपनीची बाजू मांडणारे लार्टे नावाचे वकील होते. सकाळपासून ते 'मीटिंगमध्ये' होते. या वेळी मात्र सापडले.

"मिस्टर लार्टे, तुमच्या अहवालातली किंमत मला खटकतेय. हा आकडा गोल नाही. शेवटी चिल्लर आहे. लुबाडणारा माणूस गोल आकडा मागतो, चिल्लर कशाला लावेल?"

"मॅडम, तुमच्या माणसाला हिशेब येत नसेल."

"आणि किंमत सांगितल्यावर या विकणाऱ्याने पुन्हा फोन केला? पैसे कुठे भरायचे ते कळवलं? घासाघीस केली?"

"तसं काही दिसत नाही."

"म्हणजे माल विकायला काढला, गिऱ्हाईक दारात आलं, आणि विकणारा झोपी गेला? तुमच्या माणसाने फोनवर नेमकं काय ऐकलं, ते शब्द हवेत मला. आकडा नको."

"चौकशीवाले परदेशातले आहेत. त्यांनी मला अहवाल पाठवलाय, शब्द नाही. मागवतो."

"कधी?"

"बघतो," लार्टे म्हणाले आणि फोन बंद झाला. या देशात 'बघतो'चा अर्थ काय होतो, हे मान्साला चांगलं ठाऊक होतं.

४

ती परत सेकोंडीला आली. फोनवरचा माणूस पान्यिन नव्हता, हे एव्हाना तिला पक्कं कळलं होतं. प्रॉस्परही नव्हता. त्याला पैसे हवे असते तर तो गिऱ्हाइकाच्या मागे हात धुऊन लागला असता. मग तो पुरुष कोण? काउंटरवर टेकलेला एखादा कप्तान? तसं असेल तर लवादापुढे काय सांगायचं, की कुणीतरी होतं बुवा? उपाशीपोटी तिला काही सुचेना.

मासळी बाजारात मर्सी आंटीच्या परातीत एक मोठी तांबोशी पडली होती, लालबुंद, डोळे अजून लखलखीत.

"आंटी, ही द्या."

"ही?" मर्सी आंटीने तिला आपादमस्तक न्याहाळलं. "हो, देते की. तुझा काळा झगा आण, कोर्टात घालतेस तो पांढरा टोप आण, आणि वर तुझा नवरा आण. तिन्ही दे आणि घेऊन जा."

आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या. मान्साही हसली. तांबोशी दुसऱ्या कुणासाठी राखून ठेवलेली होती, हे सांगायची गरज नव्हती. दारात आलेल्या माणसाला 'नाही' म्हणणं ओंगळ दिसतं. म्हणून अशी किंमत सांगायची, की तो हसत हसत पुढे जावा.

हसता हसता ती थांबली. मग तिने पायातल्या चपला वाळूत रुतल्या असतानाच फोन काढला.

"मिस्टर लार्टे, ते शब्द. आत्ता. नाहीतर मी लवादाला लिहिते, की तुम्ही पुरावा दडवताय."

"मॅडम, योगायोग बघा, आत्ताच आलेत. मी अजून वाचलेले नाहीत."

"मग वाचा."

पलीकडे कळफलक वाजला. मग तो थांबला. मान्साला वाटलं फोन तुटला. आणि मग अक्राच्या त्या आखडू वकिलाला हसू फुटलं, ते आवरेना.

"माय गॉड," ते म्हणाले. "माय गॉड. हे आम्ही तक्रारीत घातलंय?"

५

संध्याकाळी दुकानात एग्या, जेमायमा आणि मान्साने ओढून आणलेला प्रॉस्पर, एवढेच होते. पान्यिनला तिने निरोप धाडला होता, पण तो आला नव्हता.

"सापडला का?" एग्यांनी विचारलं.

"सापडला. पण आधी माझं एक काम करा. ते इंजिन मला द्या." तिने भिंतीकडे बोट केलं. तिथे एक गंजलेलं जुनाट मारेला टांगलेलं होतं. एग्यांनी आयुष्यात दुरुस्त केलेलं पहिलं इंजिन. ते त्यांनी राष्ट्रपती मागायला आले तरी दिलं नसतं.

एग्यांनी डोळे बारीक केले, मग मोठ्या मनाने हसले. "द्यायला काय, लॉयर! तुम्हाला नाही म्हणेन? किनाऱ्यावर जेवढ्या होड्या आहेत ना, त्या प्रत्येक होडीला एकेक नवं कोरं इंजिन लावा, आणि हे घेऊन जा."

"किती होड्या आहेत किनाऱ्यावर?"

"या सीझनला? पान्यिनने मोजल्यात, मला पाठ आहे." त्यांनी आकडा सांगितला. "त्या गोऱ्यालाही मी तेवढाच..."

ते मधेच थांबले.

मान्साने फोन काउंटरवर ठेवला. तिला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. नुसता शीण आला.

"कुठल्या गोऱ्याला, एग्या?"

"आला होता एक फोन," ते सावकाश म्हणाले. "मंगळवारी. इथे ही गर्दी. कुणीतरी म्हणत होतं, तुमच्या वेबसाइटचं नाव विकत द्या. रोज दहा जण येतात, हे द्या, ते द्या म्हणतात. मी आपलं सांगितलं..."

"की किनाऱ्यावरच्या प्रत्येक होडीला एक नवं इंजिन द्या. त्या माणसाने तुमच्याकडूनच होड्यांचा आकडा विचारून घेतला, एका नव्या इंजिनाच्या किमतीने गुणला, डॉलर केले आणि अहवालात लिहून टाकलं. म्हणून चिल्लर. म्हणून पुन्हा कुणी फोन केला नाही. विकायचंच नव्हतं तर करणार कोण?"

"मी तर नाही म्हणालो होतो!" एग्यांचा आवाज फाटला. "लॉयर, मी त्याला नाही म्हणालो!"

"मला कळतंय. लार्टेंनाही कळलं, तेही इथलेच आहेत. पण सातासमुद्रापलीकडे बसलेल्या माणसाला तुमचं 'नाही' म्हणजे दर वाटला. मी तुम्हाला विचारलं, विकायची तयारी दाखवली का? तुम्ही देवाला साक्षीला उभं केलंत. खोटंही नव्हतं ते. मला इतकंच विचारायचं सुचलं नाही, की 'नाही' कसं म्हणालात."

जेमायमाने तोंडावर हात ठेवला. "बाबा, म्हणजे पान्यिन..."

"पान्यिन," प्रॉस्पर खाली बघत म्हणाला, "वेबसाइट तुझ्या नावावर करायला सांगत होता, जेमायमा. तेवढ्यासाठीच विचारत होता."

एग्या खुर्चीत बसले.

६

लार्टे वाईट माणूस नव्हते. लबाडीचा आरोप त्यांनी मागे घेतला, परवाना शाबूत राहिला. पण नाव मात्र द्यावं लागलं. त्यावर मान्साने भांडायलाही नकार दिला.

"मी कुणाला फसवलं नाही, तरी द्यायचं?" एग्यांनी विचारलं.

"तरी द्यायचं. इंजिन विकायचा परवाना आहे, अंगावर कंपनीचं नाव घालून फिरायचा नाही. त्यात ते परके पंखे. नशीब समजा एवढ्यावर सुटलात. पुढची वेबसाइट स्वतःच्या नावाने काढा. बॉन्झी हे नाव कुणी मागायला येणार नाही."

त्यांनी सही केली. भांडले नाहीत, हेच मान्साला विचित्र वाटलं. पेन खाली ठेवून ते म्हणाले, "आता चला. तुम्ही माझ्या वतीने बोला."

चूक झालेला वडीलधारा माणूस धाकट्याची माफी स्वतःच्या तोंडाने मागत नाही. मधे कुणीतरी लागतं. मान्साला यातलंही काही करायचं नव्हतं, पण नाही म्हणायची पद्धत तिच्याकडेही नव्हती.

पान्यिन ताकोराडीच्या बंदरात सापडला. ट्यूना पकडणाऱ्या एका मोठ्या जहाजावर त्याला इंजिनखोलीत काम मिळालं होतं. खांद्यावर तीच पेटी होती. जहाजाचा भोंगा एकदा वाजून गेला होता.

एग्या चार पावलं मागे उभे राहिले, नुकतंच धुतलेलं कापड खांद्यावरून घेऊन. मान्सा पुढे झाली आणि रीतीप्रमाणे सगळं बोलली: मामाची चूक झाली. मामा कबूल करतो. सगळ्यांसमोर तुला बोलला, सगळ्यांसमोर त्याच्या वतीने मी माफी मागते. घर तुझं आहे, दुकान तुझं आहे, आणि नवी वेबसाइट जेमायमाच्या नावावर होईल, तुला हवी होती तशी. मामा म्हणतो, परत ये.

पान्यिनने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं. आता तो रीतीप्रमाणे काहीतरी मऊ बोलेल, असं मान्साला वाटलं. पुढच्या खेपेला बघू म्हणेल, देवाची इच्छा असेल तर म्हणेल, आणि त्या शब्दांच्या आडोशाने मामा घरी परतू शकेल.

पान्यिनने मान वर केली. तो मान्साशी बोललाच नाही. तिच्या खांद्यावरून थेट म्हाताऱ्याकडे बघून म्हणाला, "नाही, वोफा."

आणि पेटी सावरून शिडी चढून गेला.

एग्या तिथेच उभे होते. पुढे आणखी काही शब्द येतील म्हणून वाट बघावी, तसे. शिडी वर ओढली गेली तरी ते हलले नाहीत.

"काय म्हणाला तो?" त्यांनी विचारलं. त्यांना चांगलं ऐकू येत होतं.

मान्साने त्यांच्या कोपराला धरलं. "नाही म्हणाला, एग्या."